साठ मिनिटांच्या आत

हॉस्पिटलच्या जिन्यापाशी सरांचा मोठा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, ‘वयोमानानुसार शस्त्रक्रियेतून निवृत्त.’ वयोमानानुसार म्हणे! डोंबल. एकोणसाठ हे काय हातातली कामं टाकून बसायचं वय आहे? सरांच्या थिएटरमध्ये मी सव्वीस वर्षं सिस्टर होते. त्यांनी हत्यार का खाली ठेवलं ते माझ्यासमोर घडलंय. फोटोखाली लिहिणारे तेव्हा शाळेत पाट्या पुसत असतील. म्हणून खरं काय ते मी सांगते, कुणाला आवडो न आवडो.

सर लघवीच्या मार्गाचे सर्जन. आमच्याकडचे पहिलेच. त्यांच्या आधी म्हाताऱ्या माणसाची प्रोस्टेट, म्हणजे लघवीच्या वाटेभोवतीची गाठ, वाढली, लघवी अडली, की सरळ पोट फाडायचे. महिनाभर खाटेवर, नळ्या, पू, आणि नशीब असेल तर घरी. सर दोन वर्षं परदेशात राहून दुर्बिणीचं काम शिकून आले. लघवीच्याच वाटेने बारीक दुर्बीण आत घालायची, तिच्या टोकाला विजेवर तापणाऱ्या तारेचं कडं, आणि त्या कड्याने आतली वाढलेली गाठ खरवडून काढायची. बाहेर एक टाका नाही. परत आले ते एक ट्रंक घेऊन. त्यात नुसती हत्यारं. “माझ्यासाठी साधा रुमालसुद्धा नव्हता हो त्यात,” असं वहिनी, म्हणजे सरांची बायको, अजून सांगतात.

बाकीचे सर्जन त्यांना ‘नळवाले’ म्हणायचे. “काय नळवाले, आज कुणाचा नळ तुंबला?” सर हसून म्हणायचे, “तुमचा तुंबला की मागच्या दाराने या, मी कुणाला सांगणार नाही.” त्यातले दोघं खरंच मागच्या दाराने आले. सरांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. नावं मलाही ठाऊक आहेत, पण मी तोंड मिटून घेते.

सुरुवातीचे दिवस म्हणजे जिवाला घोर. दुर्बिणीच्या टोकाचा दिवा तांदळाच्या दाण्याएवढा, ऐन कामात पटकन जायचा, आणि आत मिट्ट काळोख. हात बसावा म्हणून सर घरी बादलीत पाणी भरून त्यात बटाटे खरवडत बसायचे. वहिनी चिडायच्या, “भाजीला एक धड बटाटा ठेवत नाहीत.” पण हात असा बसला की बघत राहावं. लोक लांबून लांबून यायला लागले.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्या पाण्याची आहे. आत रक्त येत असतं, तर दिसायला हवं म्हणून दुर्बिणीतून सारखं पाणी सोडावं लागतं. स्टँडवर पाण्याची बाटली टांगलेली असते. गाठ कापताना आतल्या शिरा उघड्या पडतात आणि त्या उघड्या शिरांतून तेच पाणी रक्तात शिरतं. थोडं शिरलं तर चालतं. जास्त शिरलं तर रक्त पातळ होतं, मेंदूला सूज येते, माणूस भ्रमिष्ट होतो, त्याला झटके येतात, मरतोही. तेव्हा आम्ही साधं उकळून गाळलेलं शुद्ध पाणी वापरत होतो, दुसरं काही मिळतच नव्हतं. म्हणून सरांचे दोन नियम होते. एक, बाटली रुग्णाच्या कमरेपासून दोन फुटांच्या वर जाता कामा नये. स्टँडवर सरांनी स्वतः लाल रंगाची खूण केली होती. जेवढी बाटली उंच तेवढा पाण्याला जोर, तेवढं पाणी आत. दुसरा नियम, साठ मिनिटं. साठाव्या मिनिटाला आत काय राहिलं असेल ते राहू दे, हत्यार बाहेर.

आणि पेशंटला मधूनच ‘कसं वाटतंय’ विचारणारे सर सोडले, तर थिएटरमध्ये कुणी बोलायचं नाही. बोलायचं फक्त मी, तेही मिनिटं. पाच. दहा. पंधरा. त्यावरून माझं नावच पडलं ‘घड्याळ’. “ए घड्याळ, झोपलीस का?” असं खेकसायचे. राग नाकावर. थिएटरमध्ये सगळ्यांना अरे-तुरे. बाटल्या बदलणाऱ्या मावशी वयाने त्यांच्याहून मोठ्या होत्या, पण त्यांनाही “ए मावशे”. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आम्ही ‘भूलमामा’ म्हणायचो, त्यांची सुद्धा सुटका नव्हती. सव्वीस वर्षांत मला एकदाही ‘अहो’ म्हणाले नाहीत, की ‘दमलीस का’ म्हणून विचारलं नाही. मला राग यायचा? यायचा ना. पण त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की सर रजेवर असले की थिएटर भकास वाटायचं.

त्यांच्या हाताखाली एक तरुण सर्जन तयार होत होता. सर त्याला ‘चिरंजीव’ म्हणायचे. नात्याचा नाही, पण आठ वर्षं सरांच्या सावलीत राहिलेला. हात चांगला, जरा संथ. “चिरंजीव, हाताला मुंग्या आल्यात का? की गाठीला गुदगुल्या करतोयस?” हे रोजचं. आणि तो कितीही केसेस करो, सर त्याच्या मागे उभे असायचेच.

सरांना अठ्ठावन्न लागल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. घड्याळच मी, लक्षात येणारच. हात धुवायला गेला की पाच मिनिटांत येणारा माणूस, आता बारा-तेरा मिनिटं लावायचा. मागच्या खोलीत नळ सोडलेला असायचा, उगाच वाहत. दोन केसेसच्या मध्ये तीनदा बाहेर. चहा बंद केला. म्हणाले, पित्त होतं. पित्त कसलं! तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले, “लाजू नका, अंगावर काढू नका, लवकर या.” आणि स्वतःचं झालं तर अळीमिळी गुपचिळी. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, “तू मिनिटं मोज, माझी लघवी मोजू नकोस.”

मग एका सोमवारी भर ओपीडीत व्हायचं ते झालं. पेशंट समोर बसलेला, आणि सरांचा चेहरा पांढरा फटक, कपाळावर घाम. मला म्हणाले, “आत ये.” आतल्या खोलीत भिंतीला धरून उभे राहिले. “सकाळपासून एक थेंब नाही. नळी घाल.” मी हजारो पुरुषांना नळी घातलीय, पण त्या दिवशी मी हातमोजे दोनदा बदलले. नऊशे मिली निघालं. सर भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, “कुणाला सांगू नकोस.”

मला असा संताप आला! मी म्हणाले, “नाही सांगत. ऑपरेशन काय, तुम्ही आरशात बघून स्वतःच करणार आहात?”

त्यावर ते हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

असं काम करणारा दुसरा सर्जन दोन दिवसांच्या प्रवासावर होता. वहिनी म्हणाल्या, “नळीसकट जाऊ, पण तिकडेच जाऊ.” मलाही तेच वाटत होतं. भूलमामांनाही. सर ऐकायलाच तयार नाहीत. “मी शिकवलेल्या पोरावर माझाच भरवसा नसेल, तर उद्या लोकांनी त्याच्या हाती का पडावं? चिरंजीव करेल. कमरेतून भूल द्या. मी जागा राहणार.” चिरंजीव तर पार हबकला. माझ्यापाशी येऊन म्हणाला, “सिस्टर, मागे सर उभे नसताना मी आजवर एकही केस केलेली नाही हो.” मी म्हटलं, “मागे नसतील, पुढे आडवे असतील. फरक काय?”

गुरुवारी सकाळी नऊला सुरू केलं. सरांच्या छातीपाशी पडदा, पडद्याच्या पलीकडे डोक्याशी भूलमामा, अलीकडे पायांशी चिरंजीव. बाटली लाल खुणेवर. मी भिंतीवरच्या घड्याळाखाली. आज या माणसाला काही झालं तर? हा एकच विचार सारखा डोक्यात, आणि तोंडाने मिनिटं.

“पाच,” मी म्हणाले.

“आवाज का बसलाय? मेलंय का कुणी?” पडद्यामागून सर.

“दहा.”

“चिरंजीव, घाई नको. तुला कुठे गाडी पकडायची नाही.”

“पंधरा.”

“डावीकडे रक्त येतंय ना? सांगत नाहीस, पण तुझं गप्प बसणं ऐकू येतंय मला. आधी ते थांबव.”

मला जरा हायसं वाटलं. खेकसतायत म्हणजे ठीक आहेत. वीस झाली, तेव्हा सर काही बोलले नाहीत. पंचविसाला चिरंजीव पुटपुटला, “सगळं लाल झालंय. काही दिसत नाही.” त्याच्या मानेवर घाम निथळत होता. थोडा थांबून त्याने भीत भीत विचारलं, “सर, बाटली जरा वर घेऊ का? पाण्याला जोर आला तर दिसेल.”

आम्ही सगळे वाट बघत राहिलो, आता फटका बसणार म्हणून. आणि पडद्यामागून आवाज आला, इतका मऊ, की मला वाटलं भूलमामाच बोलले.

“घे रे बाळा. हवी तेवढी वर घे.”

बाळा! आठ वर्षांत कधी पाठीवर थाप नाही, आणि आज बाळा. चिरंजीवाचे डोळे भरून आले, मास्कच्या वर मला दिसले. भूलमामा हसले, “नळवाले मऊ पडले बरं का.” बाटलीपाशी उभ्या असलेल्या मावशींनी माझ्याकडे पाहिलं. लाल खुणेच्या वर बाटली न्यायची तर त्यांना कुणाचा तरी होकार हवा होता. आणि मी मान हलवली. चिरंजीवाने नाही, मी. मावशींनी बाटली हातभर वर नेली. आत स्वच्छ दिसायला लागलं, चिरंजीव भराभर काम करायला लागला, आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. वाटलं, शेवटी शिष्यावर विश्वास टाकला म्हाताऱ्याने.

“तीस,” मी म्हणाले.

“बाई,” सर म्हणाले, “किती वेळ उभ्या आहात तुम्ही. बसा ना. पाय दुखत असतील तुमचे.”

आधी माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढी मी वेडी. सव्वीस वर्षांनी का होईना, कुणी तरी विचारलं. मग माझी नजर बाटलीवर गेली, खाली राहिलेल्या लाल खुणेवर गेली. ज्या माणसाने बाटली बोटभर वर गेली म्हणून मावशींना थिएटरबाहेर काढलं होतं, तो म्हणतोय हवी तेवढी घे? आणि मला बाई?

“थांबा!” मी ओरडले. “मावशी, बाटली खाली! थांबवा सगळं!”

चिरंजीव दचकला. “सिस्टर, रक्त बंद केल्याशिवाय कसं थांबवू? आणि सर बोलतायत की व्यवस्थित!”

“हे सर आहेत का? सर असे बोलतात? अहो, पाणी चढलंय त्यांना!”

भूलमामांनी सरांची नाडी धरली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे गेलं. “चव्वेचाळीस,” ते म्हणाले. “आवर. लवकर आवर.” चिरंजीवाने रक्त येणाऱ्या जागा एकेक करून बंद केल्या. चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं मी मोजली नाहीत, देवाचा धावा केला. तेवढ्यात सर छतावरच्या दिव्याला म्हणत होते, “या, या, बसा.” लघवीची नळी बसली, आणि त्याच क्षणी सरांना झटका आला. टेबल हादरलं. मावशी मोठ्याने रडायला लागल्या.

भूलमामांनी घशात नळी घातली, कडक मिठाचं सलाईन लावलं, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. झटके थांबले. पण खरी परीक्षा पुढेच होती. साध्या पाण्याने रक्तातल्या पेशी फुटतात आणि त्यांचा गाळ मूत्रपिंडात जाऊन बसतो. पिशवीत आलेली लघवी काळसर होती, चहाच्या चोथ्यासारखी. आणि तीही कमी कमी होत चालली. मूत्रपिंडं बंद पडली तर त्यांचं काम करणारं यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं. म्हणजे सर जगणार की नाही, हे आता त्या पिशवीवर ठरणार होतं.

वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. तासाभरात पिशवीत किती मिली आली, तो आकडा मी दर तासाला जाऊन सांगायची. त्या फक्त एवढंच विचारायच्या, “किती?”

“वीस.”

“किती?”

“आठ.”

“किती?”

“चार, वहिनी.”

त्या म्हणाल्या, “जन्मभर हा माणूस जेवताना हाच विषय काढायचा, अमक्याला इतकी झाली, तमक्याला झालीच नाही. मी म्हणायची, ताटावर तरी नको हो. आता बघ, दुसरं काही ऐकायचंच नाही मला.” त्यांचा हात माझ्या हातात होता, बर्फासारखा. मान मी हलवली होती, हे सांगायला माझं तोंड उघडेना. चिरंजीव जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. त्यालाही काही सांगितलं नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार, तीन, पाच, असंच. मग तीन वाजता बावीस. मी दोनदा मोजलं. चार वाजता चाळीस, आणि रंग फिका. मी अक्षरशः पळत गेले. वहिनींनी मला मिठी मारली आणि इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं, त्यांचं आणि माझंही.

तिसऱ्या दिवशी घशातली नळी काढली. सरांनी डोळे उघडले, हाताकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “ही सुई कुठल्या गाढवाने लावलीय?” मी दारातूनच ओरडले, “वहिनी, शिव्या देतायत!” तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

चिरंजीव राजीनामा लिहून घेऊन आला. सरांनी तो न वाचताच उशीखाली सरकवला. “माझी अर्धी गाठ आत तशीच आहे. ती कोण काढणार, तुझा बाप? आधी काम पुरं कर.” पुढे दोन महिन्यांनी त्यानेच ती काढली, वीस मिनिटांत, काही न होता.

पाचव्या दिवशी सरांनी मला बसवून घेतलं आणि मिनिटामिनिटाचा हिशोब मागितला. मी सगळं सांगितलं. मान हलवली तेही. म्हटलं, आता घालवतील मला, आणि घालवावंच.

सर म्हणाले, “मला थोडं आठवतंय. छान वाटत होतं गं. इतकं छान आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. कसली म्हणून काळजी नाही. सगळी माणसं चांगली वाटत होती.”

उशी सारखी करायला मी उठले, त्यांनी खूण करून मला खाली बसवलं.

“आपण मधूनमधून पेशंटला काय विचारतो?” त्यांनी विचारलं.

“कसं वाटतंय, बाबा?”

“आणि ते काय म्हणतात?”

“छान.”

“छान म्हणतात. आणि मी पुढे कापत जातो. जो तडफडला, ज्याला धाप लागली, ज्याला उलटी झाली, त्याचं आपल्याला कळलं, आपण थांबलो. जे हसले, आशीर्वाद देत होते, त्यांचं काय?”

त्यांनी जुनी कागदपत्रं मागवली. आठवडाभर खाटेवर बसून वाचत होते. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत गेलेले असे नऊ जण निघाले. प्रत्येकाच्या कागदावर सरांच्याच अक्षरात, ‘वय, कमजोर हृदय.’ मी म्हणाले, “सर, ते खरोखर वयानेच गेले असतील.” ते म्हणाले, “तुला माहीत आहे?” मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं आणि आता कळायचा मार्गही नव्हता. हेच त्यांना खात होतं. स्वतःचे झटके, मूत्रपिंडं, दाराशी आलेलं मरण, त्यातलं काही त्यांनी मनाला लावून घेतलं नाही.

सरांनी साधं पाणी कायमचं बंद केलं. धडपडून परदेशातून पेशी न फोडणारं औषधी पाणी मागवायला सुरुवात केली, मध्येच रक्त तपासायची पद्धत घातली. तीन महिन्यांनी ते पुन्हा टेबलापाशी उभे राहिले. पहिला पेशंट एक शिंपी, पासष्टीचा, गप्पिष्ट. नवं पाणी, बाटली खुणेवर, सगळं नियमात. मी पंधरा म्हणाले. सरांनी विचारलं, “कसं वाटतंय, मामा?”

“एकदम छान, साहेब. काही म्हणजे काही त्रास नाही. देव तुमचं भलं करो.”

कापणाऱ्या कड्याला वीज सोडायच्या पेडलवरून सरांचा पाय उचलला गेला. “पुन्हा सांगा.”

“छान आहे, साहेब.”

सरांनी त्याला त्याचं नाव विचारलं. वार विचारला. मुलं किती, शर्टाला कापड किती लागतं, बाही आधी जोडायची की कॉलर. शिंप्याने सगळं अचूक सांगितलं, वर हसला. भूलमामा म्हणाले, “नाडी बहात्तर. एकदम ठणठणीत आहे हो, नळवाले.” मी पाण्याचा हिशोब सांगितला, आत गेलं तेवढं बाहेर आलं होतं. सरांनी मान हलवली. पण पाय पेडलवर ठेवेनात.

“चिरंजीव,” ते म्हणाले, “हात धुऊन ये.”

चिरंजीवाने काम पुरं केलं. शिंपी पाचव्या दिवशी चालत घरी गेला. बायकोला म्हणत होता, “डॉक्टर चांगला आहे, पण लेकाचा कशाकशाच्या चौकशा करतो.” सर पुढे अकरा वर्षं जगले, अनेकांना शिकवलं, पण स्वतः दुर्बिणीला पुन्हा हात लावला नाही.

त्या दिवशी हातमोजे काढताना ते मला म्हणाले होते, “घड्याळ, तो खरं सांगत होता गं. आणि मला ते खरं वाटेना.”